एक वस्ती, दोन काठ्या

धोंडिराम कांबळ्यांना एक वाक्य उभ्या जन्मात बोलता आलं नव्हतं, ते म्हणजे 'मला ठाऊक नाही.' कोयनानगरच्या वसाहतीत वायरमन म्हणून आयुष्य खांबावर चढण्यात गेलं, आणि खांबावरून खालची सगळी माणसं खुजीच दिसतात, तिथूनच ही खोड लागली असावी. नोकरी संपवून ते करंजघळला, आपल्या गावी परतले तेव्हा बरोबर एक पेटी पक्कड-पान्यांची होती आणि डोकं भरून मतं होती. विहीर कुठं खणावी, म्हैस का आटली, सरकार का पडलं, काहीही विचारा, मत तयार. न विचारलं तरी तयार.

पण माणूस कामाचा. वस्तीतल्या विहाराचा माइक त्यांच्याच ताब्यात असायचा. वंदनेला, लग्नाला, जयंतीला कर्णा काठीवर चढवायचा तो त्यांनीच, आणि 'हॅलो, माइक टेस्टिंग' म्हणायचं तेही त्यांनीच. तेव्हा त्यांचा आवाज असा काही खाली उतरायचा की त्यांची बायको अंबूबाई म्हणायची, "माज्याशी कवा बोलला न्हाईसा एवढ्या गोडीनं."

करंजघळ गाव दोन ठिकाणी वसलेलं. वरचं गाव डोंगराच्या खांद्यावर, उघड्यावर. कांबळ्यांची वस्ती, भीमनगर, खाली घळीत, पिराच्या टेकडीच्या पोटाशी. टेकडीमुळं वस्तीला सावली होती, पाणी होतं, वाऱ्यापासून आडोसा होता. नव्हता तो फक्त टीव्ही. टीव्हीचं चित्र साताऱ्याच्या बाजूनं सरळ येतं, घाटातल्या एसटीसारखी वळणं घेत नाही. ते वरच्या गावात पोचायचं, आणि वस्तीच्या डोक्यावरून निघून जायचं.

धोंडिरामांची लेक स्वप्ना सांगलीच्या एका दवाखान्यात नर्स होती. तिनं हौसेनं आईबापाला टीव्ही पाठवला. एसटीच्या टपावरून, गोधडीत गुंडाळून तो आला. धोंडिरामांनी कौलावर अँटेना चढवला, पूर्वेला फिरवला, पश्चिमेला फिरवला, चार कौलं फोडली, पण पडद्यावर मुंग्याच. काळ्या-पांढऱ्या, वळवळणाऱ्या. शेवटी अंबूबाईंनी टीव्हीवर भरतकामाचा रुमाल घातला आणि त्यावर प्लॅस्टिकच्या फुलांचा गुच्छ ठेवला. वरच्या गावातली माणसं हसायची, "कांबळ्यांनी मुंग्या पाळल्यात म्हणं पेटीत!"

हे हसणं अंबूबाईंनी पचवलं. पचलं नाही ते पुढचं.

त्र्याण्णव सालच्या बुद्ध पौर्णिमेला संध्याकाळी टीव्हीवर वंदनेचा कार्यक्रम दाखवणार होते. अंबूबाईंना तो बघायचा होता. नवं लुगडं नेसून, डोक्याला तेल लावून त्या चढण चढून वरच्या गावात भामाबाईंकडं गेल्या. भामाबाई काही परकी नव्हती. दोघींनी एका शेतात भांगलण केलेली, एकीच्या बाळंतपणाला दुसरी धावलेली. सोप्यात माणसं दाटीनं बसली होती. भामाबाई उठली आणि सहज म्हणाली, "अंबू, तू हितंच उंबऱ्याभाईर बस, चपलांपाशी. आत पावणं हायती."

वाईट मनानं बोलली असती तर भांडता तरी आलं असतं. ती सहज बोलली, पाणी दे म्हणावं तशी, आणि सोप्यातल्या कुणालाही त्यात काही वावगं वाटलं नाही. मला विचाराल तर ह्या सहजपणासारखं जहर नाही. अंबूबाई चपलांमध्ये पाय पोटाशी धरून बसल्या. दाराच्या चौकटीआडून त्यांना अर्धाच टीव्ही दिसत होता. वंदना म्हणणाऱ्यांतले डावीकडचे दिसले, उजवीकडचे दिसले नाहीत.

घरी आल्या, भाकरी थापली, आणि नवऱ्याला म्हणाल्या, "आता टीव्ही बघीन तर माज्या घरात, माज्या जमिनीवर, पाय पसरून. न्हाईतर मरस्तवर बघायची न्हाई."

धोंडिरामांनी सगळं ऐकून घेतलं. त्या दिवशी त्यांच्याकडं मत नव्हतं. ते उठून तडक विहारात गेले, माइक लावला आणि अख्ख्या वस्तीला ऐकू जाईल असं बोलले, "जय भीम! फुडच्या बुद्ध पुनवंच्या आत टीव्हीचं चित्र वस्तीत आणीन. न्हाई आणलं, तर ह्या माइकला परत हात लावणार न्हाई!"

आवाज घुमत वरच्या गावापर्यंत गेला. अंबूबाईंनी कपाळावर हात मारला. रागाच्या भरात बोललेलं गिळता येतं, पण कर्ण्यातून बोललेलं गिळायचं कसं?

उरुसाच्या वेळी धोंडिराम टेकडीवर गेले. माथ्यावर पिराचा दर्गा, आणि तिथले मुजावर म्हणजे त्यांचे जुने मित्र इलाहीभाई. इलाहीभाईंचं खाली बाजारपेठेत रेडिओ-टेप दुरुस्तीचं दुकान, पण जीव वर टेकडीत. दर्ग्याच्या पडवीत त्यांनी एक छोटा टीव्ही लावला होता, आणि त्यात चित्र असं स्वच्छ, की बातम्या देणारीच्या कपाळावरची टिकलीसुद्धा दिसावी.

"हितं येतंय, आन माज्या घरात न्हाई!" धोंडिराम म्हणाले. "मधी फकस्त ही टेकडी. वायर टाकतो खाली."

त्यांनी वायर टाकली. टेकडीवरून वस्तीपर्यंत, झाडांवरून, बांधावरून. पोचेपर्यंत चित्र दमून गेलं, नुसत्या सावल्या हलायच्या. त्याही आठवडाभर. मग वानरांनी वायरीवर झोके घेतले, आणि जी उरली ती कुणाच्या तरी म्हशीनं चघळली. वरच्या गावात पुन्हा हशा पिकला.

पडलेली वायर गुंडाळून धोंडिराम दर्ग्याच्या पायरीवर येऊन बसले. इलाहीभाईंनी चहा दिला आणि विचारात पडल्यासारखे बोलले, "धोंडूभाऊ, वायर कशाला? माज्याकडं एक जुना अँटेना पडलाय. जे अँटेना घेतो, ते देऊबी शकतो. एक अँटेना साताऱ्याकडं तोंड करून चित्र घेईल. त्याला चित्राचा जोर वाढवणारा बूस्टर जोडू. आन दुसरा उलटा लावू, वस्तीकडं तोंड करून. चित्र हवेतनं जाईल खाली. म्हशीनं खायाला कायबी न्हाई!"

"चालंल?"

"कुणास ठाऊक. मी कवा केलं न्हाई."

"चालंल!" धोंडिराम म्हणाले. दुसऱ्याला ठाऊक नसलेली गोष्ट त्यांना लगेच ठाऊक व्हायची. कायद्यात हे बसतं का, हे दोघांनीही विचारलं नाही, आणि विचारलं नाही म्हणूनच ही गोष्ट पुढं गेली.

आता इथं भीमनगरची एक रीत सांगायला हवी. फार वर्षांपूर्वी वस्तीत जयंतीला दोन गट पडले होते. दोन झेंड्यांच्या दोन काठ्या, दोन मिरवणुका, आणि एकाच नळावर पाणी भरणाऱ्या बाया एकमेकींचं तोंड बघेनात. शेवटी जाणत्या माणसांनी दोन्ही काठ्या उपटल्या, आणि विहारात सगळ्यांकडून शब्द घेतला, 'एक वस्ती, एक काठी.' तेव्हापासून झेंडा असो, कर्णा असो, लग्नातली दिव्यांची माळ असो, एका कामाला वस्तीची म्हणून काठी एकच रोवायची. त्या जाणत्यांपैकी आता एकटे अर्जुना आबा हयात होते, आणि ह्या बाबतीत ते डोळ्यात तेल घालून असायचे.

वस्ती मदतीला उभी राहिली. अर्जुना आबांनी बजावलं, "अँटेने किती का असंनात, काठी एकच." धोंडिरामांना ते मनापासून पटलं. लोखंडी पाइप आणला, खांद्यावर घेऊन सगळे टेकडी चढले. कोयनेच्या त्या मुलखात जमीन कधीही हलते, म्हणून खड्डा खोल घेऊन दगड-सिमेंटनं भरला. पाइपाच्या टोकाला इलाहीभाईंचा चांगला अँटेना साताऱ्याकडं तोंड करून, आणि हातभर खाली त्यांचा जुना अँटेना वस्तीकडं. मध्ये बूस्टर. त्याला वीज दर्ग्याच्या पडवीतून.

इलाहीभाई जरा चाचरले. "दोन्ही थोडे लांब लांब लावू का, धोंडूभाऊ?"

"एका खांबावर चार-चार वायरी वढल्यात मी. मला शिकवू नगा."

खाली घरात टीव्हीवरचा रुमाल निघाला. कौलावरचा अँटेना साताऱ्याऐवजी टेकडीकडं फिरवला. आता वरच्या माणसाला खालचं कळवायचं कसं? टेकडीवर हाक पोचेना. तेव्हा अर्जुना आबांनी विहाराचा माइक ओढत धोंडिरामांच्या अंगणात आणला आणि खिडकीतून टीव्ही दिसेल असे उभे राहिले. कर्ण्याची काठीही अंगणातच रोवली होती, आणि कर्णा बरोबर त्यांच्या डोक्यावर होता.

वर बूस्टर चालू झाला. पडद्यावरच्या मुंग्या थरारल्या, आडव्या पट्ट्या धावल्या, चित्राच्या चिंध्या झाल्या आणि टीव्ही घरघरून भेसूर ओरडायला लागला. आबांनी ते सांगायला तोंड उघडलं, तर डोक्यावरचा कर्णा अशी शीळ घालायला लागला की गोठ्यातली म्हैस दावं तोडून पळाली. आत टीव्ही ओरडतोय, बाहेर कर्णा ओरडतोय, आणि मध्ये आबा "हॅलो, हॅलो" करतायत. अंबूबाई उंबऱ्यात उभ्या राहून एकदा आत बघत होत्या, एकदा बाहेर.

धोंडिराम खाली आले ते तणतणत. बूस्टर भिकार, वायर भिकार, इलाहीभाईंचा अँटेना भंगारातला. पुनव चार दिवसांवर आली होती. ते भाकरी हातात घेऊन पाटावर बसले आणि माइकच्या पेटीकडं बघत राहिले. ती पेटी आता दुसऱ्याच्या हातात जाणार होती.

"आवं," अंबूबाई म्हणाल्या, "एक इचारू का?"

"काय?"

"तुमी कर्णा लावताना त्याची पाठ माइककडं करता. का वं?"

"का म्हंजी? कर्ण्यातला आवाज फिरून माइकात शिरला की शीळ मारतो. आज म्हाताऱ्यानं मारली तशी. एवढं बी कळत न्हाई?"

"कळतंय की. म्हणूनच म्हंती. टीव्ही बी तसाच वरडत हुता. तुमचा खालचा अँटेना बोलतोय, ते वरचा अँटेना ऐकतोय. हातभर तर लांब हायती दोघं. त्यो आपलंच बोलणं परत परत ऐकून खुळा झाला असंल."

धोंडिरामांच्या हातातली भाकरी तशीच राहिली. माइकसमोर जन्म गेला, शीळ का वाजते हे त्यांच्याइतकं खोऱ्यात कुणाला ठाऊक नव्हतं, आणि टेकडीवर जाऊन त्यांनी माइकच्या तोंडाशी कर्णा बांधून ठेवला होता! काठी एकच हवी म्हणून. रीत पाळली, आणि ठाऊक असलेलं विसरले.

त्यांनी विहारात सगळ्यांना बोलावलं. माइक लावला नाही. उभे राहिले, घसा साफ केला, आणि म्हणाले, "चूक माजी हाय. मला ठाऊक न्हवतं. अंबूनं दावून दिलं."

मागं बसलेले पुढं सरकले. दर्ग्याहून आलेले इलाहीभाई तर 'ऐकलं ते खरंच का' अशा नजरेनं शेजाऱ्याकडं बघायला लागले.

"घेणारा अँटेना हाय तितंच ऱ्हाऊ दे," धोंडिराम पुढं म्हणाले, "आन देणारा दर्ग्यामागच्या कातळाच्या अलीकडं, आपल्या अंगाला. मधी आख्खा कातळ आडवा आला पायजे. म्हंजी एकाचं दुसऱ्याला ऐकू जायचं न्हाई. पर त्याला दुसरी काठी लागंल."

"न्हाई!" अर्जुना आबा ताडकन उठले. "दुसरी काठी न्हाई. ह्या वस्तीनं दोन काठ्यांचा इस्कोट बघितलाय. माजा सख्खा भाऊ माज्याशी बोलल्याबिगर मेला त्या पायी. टीव्ही नगं मला!"

म्हातारा खोटं बोलत नव्हता. धोंडिरामांनी मान खाली घातली.

बायांमधून अंबूबाई उठल्या. पदर सारखा केला. "आबा, तवा दोन काठ्या हुत्या, त्यात मधी वायर हुती का?"

"वायर?"

"एकीचं बोलणं दुसरीकडं नेणारी. न्हवती. म्हणून गट पडलं. ह्या दोन काठ्यांत वायर हाय, आबा. एक काठी घेती, दुसरी देती. एकट्या एकीच्यानं काय हुईत न्हाई. काठ्या दोन, पर गट एकच."

आबांनी बुद्धमूर्तीकडं बघितलं. मग डोळे पुसले आणि म्हणाले, "दुसरी काठी मी रोवणार. पयला दगड माज्या हातचा."

आबांना टेकडी चढवत नव्हती. चार जणांनी त्यांना खुर्चीवर बसवून वर नेलं, आणि खुर्चीत बसूनच ते सगळ्यांवर ओरडत होते, कुदळ अशी धर, पाइप तसा धर. दर्ग्यामागं हत्तीच्या पाठीएवढा काळा कातळ होता. पहिली काठी त्याच्या पलीकडं होतीच. अलीकडं दुसरी उभी राहिली. कातळाला वळसा घालून वायर आली. इलाहीभाईंनी जोडण्या कसल्या, आणि ह्या वेळी धोंडिरामांनी त्यांना दोनदा विचारलं, "बराबर हाय न्हवं, इलाहीभाई?" इलाहीभाईंना ते इतकं नवीन होतं की त्यांनी सगळ्या जोडण्या परत एकदा तपासल्या.

पुनवेच्या दिवशी दुपारी बूस्टर चालू करायचं ठरलं. खाली माइकवर कोण बसणार? आबा तर टेकडीवर खुर्चीत. धोंडिराम जाताना माइक अंबूबाईंच्या हातात देऊन गेले, कर्ण्याची पाठ स्वतः नीट वळवून. एवढ्या वर्षांत त्यांनी तो बायकोच्या हाती कधी दिला नव्हता.

टेकडीवर सगळी माणसं कातळापाशी उभी. धोंडिरामांनी बटण दाबलं. खालून काहीच नाही. वाऱ्याचा तेवढा आवाज. धोंडिरामांनी दुसरा अँटेना बोटभर डावीकडं फिरवला. काही नाही. अजून बोटभर.

आणि खोऱ्यातून आवाज उठला. "आलं!"



"आवं, आलं! आलं! मुंग्या गेल्या! माणसं आली, माणसं!" अंबूबाई माइक तोंडाशी धरून ओरडत होत्या. "हात लावू नगा! धोंडिराम कांबळे, हात काढा त्येच्यावरनं!"

उभ्या संसारात त्यांनी नवऱ्याचं नाव घेतलं नव्हतं. घेतलं ते कर्ण्यातून, सगळ्या खोऱ्याला ऐकू जाईल असं. टेकडीवर लोकांनी धोंडिरामांना खांद्यावर घेतलं, आबा खुर्चीत बसून टाळ्या पिटत रडायला लागले, आणि इलाहीभाई पिराला नारळ फोडायला धावले. वरच्या गावात बाया अंगणात येऊन विचारायला लागल्या, 'काय गं आलं खाली?'

ते त्यांना संध्याकाळी कळलं. वरच्या गावातही चित्रात निम्म्या मुंग्या असायच्याच. भीमनगरात बूस्टरमधून आलेलं चित्र त्याहून चोख आहे ही बातमी घरोघर गेली, आणि वंदनेच्या वेळेला चढणीवरून माणसं खाली उतरायला लागली.

धोंडिरामांचं घर केव्हाच भरलं होतं. आबा खाटेवर, पोरंसोरं कोनाड्यात, इलाहीभाई भिंतीला टेकून. आणि टीव्हीच्या समोर, घराच्या अगदी मध्ये, अंबूबाई बसल्या होत्या, नवं लुगडं नेसून, दोन्ही पाय लांब पसरून. तेवढ्या जागेत तीन माणसं मावली असती. कुणी पाय घ्या म्हणालं नाही.

दारात भामाबाई येऊन उभी राहिली. आत एक नजर टाकली, खाली चपलांचा ढीग बघितला, आणि तिला काय आठवलं कुणास ठाऊक, तिचा चेहरा उतरला. ती मुकाट्यानं चपलांपाशीच टेकायला लागली.

"भामे!" अंबूबाईंनी हाक मारली. सगळं घर वळून बघायला लागलं. "तितं कुणी बसायचं न्हाई माज्या घरात. आत ये."

भामाबाई माणसांतून वाट काढत आली. अंबूबाई जरा सरकल्या, पण पाय काही त्यांनी जवळ घेतले नाहीत. भामाबाई अंग चोरून बसली. वंदना सुरू झाली. डावीकडचे दिसत होते, उजवीकडचेही दिसत होते.

"पाय पसर गं," अंबूबाई टीव्हीवरची नजर न काढता म्हणाल्या. "लय बरं वाटतं."

थोड्या वेळानं भामाबाईनं पाय पसरले.

धोंडिराम टेकडीवरून बूस्टर बघून परत आले तेव्हा घरात मुंगीला शिरायला जागा नव्हती. दारातही माणसं, उंबऱ्यातही माणसं. ते अंगणात खिडकीपाशी जाऊन उभे राहिले आणि गजांना धरून आत डोकावले. तिथून त्यांना अर्धाच टीव्ही दिसत होता. पण अंबूबाईंचे पाय मात्र पुरे दिसत होते, आणि कार्यक्रम संपेपर्यंत ते तेच बघत राहिले.